रबरी धांव आणि देशोदेशींचे रस्ते

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धांव चढवितो, तें दृश्य महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनीं पाहिलेलें आहे. गोवऱ्यांच्या आगींत धांव लाल होईपर्यंत तापवावयाची, सांडशीनें उचलून चाकाभोंवतीं बसवावयाची आणि लगेच वर पाणी ओतावयाचें. लोखंड आकसतें आणि आरे, तुंबा व भोंवतालचें लांकूड यांस एकत्र आवळून धरितें. ज्या गांवांत ही धांव बने त्या गांवच्या वाटेचा, मातीचा आणि ओझ्याचा विचार लोहाराच्या डोक्यांत असे. मोटारीच्या चाकाभोंवतालचा रबरी टायर हीहि एक प्रकारची धांवच होय. मात्र तो प्रचंड कारखान्यांत बनतो, आगबोटींतून परदेशीं जातो आणि जगांत सर्वत्र सारखाच काळा व वाटोळा दिसतो. त्यामुळें सर्व देशांत तो एकच असावा असा समज सहज होतो. हा समज बरोबर नाहीं.

फिनलंडमध्यें हिवाळ्यासाठीं बनविलेला टायर वैशाखांतल्या विदर्भाच्या रस्त्यावर आणला तर तो पाहतां पाहतां झिजून जाईल. उलट विदर्भाच्या उन्हास पुरून उरणारा टायर फिनलंडच्या जानेवारींत लाकडासारखा कठीण होऊन बर्फावरून घसरेल. जर्मनींतील टायरची कसोटी वेगाची, अमेरिकेंतील टायरची कसोटी लांब पल्ल्याची, तर हिंदुस्थानांतील टायरची कसोटी खड्ड्यांची आणि अधिक भाराची. कच्चा माल कोठून मिळतो, रस्ता कसा आहे, हवामान काय आहे आणि कायदा काय सांगतो, ह्या चार गोष्टींनीं प्रत्येक देशाचा टायर घडविला आहे. त्या घडणीच्या इतिहासांत बुद्धिमत्ता आहे, व्यापार आहे आणि पुष्कळसें दुःखहि आहे.

रबराच्या झाडाचा चीक दक्षिण अमेरिकेंतील लोकांस प्राचीन काळापासून ठाऊक होता. परंतु कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई आणि थंडींत ठिसूळ बने; अशा पदार्थाचा चाकास उपयोग कसा होणार? अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं रबरांत गंधक मिसळून तें तापविलें असतां हा दोष नाहींसा होतो, असें शोधून काढलें. इंग्लंडमध्यें टॉमस हॅन्कॉक यानें त्याच क्रियेच्या पेटंटसाठीं १८४३ सालीं अर्ज केला. ह्या शोधानें अनेकांस श्रीमंत केलें, परंतु गुडइयर स्वतः १८६० सालीं कर्जाच्या ओझ्याखालीं वारला. त्याचें नांव धारण करणारी प्रसिद्ध कंपनी १८९८ सालीं ओहायो राज्यांतील ॲक्रन शहरीं निघाली. तिचा त्याच्याशीं वा त्याच्या घराण्याशीं कांहीं संबंध नव्हता, केवळ त्याच्या स्मरणार्थ तें नांव घेण्यांत आलें.

हवा भरलेल्या टायरची कल्पना एकदां जन्मली, विसरली गेली आणि पुन्हां जन्मली. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें १८४५ सालीं तिचें पेटंट घेतलें. रबर लावलेल्या कापडाची नळी आंत, आणि बाहेरून चामड्याचें वेष्टण, अशी त्याची योजना होती. लंडन येथें घोडागाड्यांस हे टायर लावून त्यांचे प्रयोग झाले; एका जोडानें बाराशें मैलांची मजल मारिली. परंतु सायकल रूढ झाली नव्हती, मोटार जन्मासच आली नव्हती, आणि घोड्याच्या संथ गतीस एवढ्या खर्चिक वस्तूची गरज वाटेना. शोध खरा होता. त्याचा काळ आला नव्हता. पुढें बेलफास्ट येथें गुरांचा वैद्य असलेला जॉन बॉइड डनलॉप, हाहि स्कॉटिश गृहस्थच, आपल्या मुलाची तीनचाकी दगडी फरशीवरून धडधडत जाते हें पाहून हवेच्या नळीच्या युक्तीकडे वळला आणि १८८८ सालीं त्यानें पेटंट घेतलें. टॉमसनचें नांवहि त्याला ठाऊक नव्हतें. जुन्या पेटंटचा पत्ता लागतांच डनलॉपचें मूळ पेटंट निरर्थक ठरलें; पण तोंवर कारखाना उभा राहिला होता, आणि सायकलींच्या शर्यतींनीं लोकांची खात्री पटविली होती.

सायकलवरून मोटारीवर हा टायर आणण्याचें श्रेय फ्रान्सकडे जातें. क्लेर्माँ-फेराँ येथील आंद्रे व एदुआर मिशलाँ ह्या बंधूंनीं १८९१ सालीं सहज काढतां-घालतां येणारा सायकलचा टायर बनविला. १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची मोटारींची शर्यत झाली, तींत त्यांनीं हवेचे टायर लावलेली गाडी उतरविली. वाटेंत टायर इतक्या वेळां पंक्चर झाले कीं पाहणारांस हंसूं आवरेना. शर्यत दुसऱ्यानेंच जिंकली. परंतु हवेवर चालणारी मोटार एवढी दूर जाऊं शकते हें लोकांनीं पाहिलें, आणि पुढील कांहीं वर्षांत भरीव टायरांचे दिवस भरले. लोकांनीं मोटारी अधिक हिंडवाव्या म्हणजे टायर अधिक झिजतील, अशा व्यवहारी हिशेबानें ह्याच बंधूंनीं १९०० सालीं प्रवाशांसाठीं मार्गदर्शक पुस्तिका काढून फुकट वांटली. आज ज्या पुस्तिकेंतील ताऱ्यांसाठीं जगांतील मोठमोठे स्वयंपाकी झुरतात, तिचा उगम असा टायरच्या झिजेंत आहे.

ह्या फ्रेंच आघाडीची एक खूण आजहि प्रत्येक मोटारीच्या टायरवर दिसते. फ्रान्समध्यें माप मिलिमीटरचें. म्हणून आरंभींच्या युरोपीय टायरांचीं मापें मिलिमीटरांत असत. मौज अशी कीं, इंच आणि मैलांचा अभिमान बाळगणाऱ्या इंग्लंडनेंहि प्रारंभीं मोटारीच्या टायरसाठीं फ्रेंच मापेंच स्वीकारलीं. रोल्स-रॉइससारख्या अस्सल ब्रिटिश गाडीलाहि मिलिमीटरचे टायर लागत! अमेरिकेंत मात्र फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी तीस इंच व्यासाच्या टायरांवर लाखोंच्या संख्येनें रस्त्यावर आली आणि इंचाचें माप तेथें पक्कें झालें. पुढें चाकाच्या लोखंडी कड्याच्या, म्हणजे रिमच्या मापांत इंचाचा जय झाला. परंतु टायरच्या रुंदींत युरोपाचा मिलिमीटर टिकून राहिला. आज एखाद्या टायरवर ‘२०५/५५ आर १६’ असें लिहिलेलें असतें, त्यांतील २०५ ही मिलिमीटरांतील रुंदी. ५५ हें त्या रुंदीशीं असलेलें उंचीचें शेंकडा प्रमाण. आणि १६ हा इंचांतील रिमचा व्यास होय. एकाच ओळींत दोन मापनपद्धति नांदत आहेत. १९७५ सालीं मिशलाँ कंपनीनें रिमहि मिलिमीटरांत मोजावयाचें ठरवून निराळे टायर काढून पाहिले. पण त्यांना निराळींच चाकें लागत, आणि गिऱ्हाइकांनीं तीं पत्करलीं नाहींत. रूढ झालेलें माप तर्कापेक्षां बलवत्तर ठरलें.

टायर जसजसा वाढूं लागला तसतशी रबराची भूक वाढली, आणि येथून ह्या इतिहासाचा काळा भाग सुरू होतो. उत्तम रबर ब्राझीलच्या अरण्यांतून येई. हेन्री विकम नांवाच्या इंग्रजानें १८७६ सालीं तेथून रबराच्या झाडाचें सुमारें सत्तर हजार बीं लंडनजवळील क्यू येथील बागेंत आणलें. त्यांतील थोडींच उगवलीं; पण त्या रोपांपासून सिंहलद्वीप, सिंगापूर व मलाया येथील मळ्यांचा विस्तार झाला. हीं झाडें चीक देण्याइतकीं मोठीं होऊन मळे भरास येईपर्यंत अनेक वर्षें जावयाचीं होतीं. मधल्या काळांत जगाची मागणी भागविण्यासाठीं आफ्रिकेंतील कांगोच्या जंगलावर घाव पडला. तो मुलूख १८८५ पासून बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणूं खासगी जहागीर होता. प्रत्येक गांवानें अमुक इतकें रबर आणून द्यावें असा दंडक असे. कमी पडल्यास फटके, ओलीस धरलेल्या बायका, जाळलेलीं गांवें आणि तोडलेले हात अशी शिक्षा मिळे. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट याचा अहवाल १९०४ सालीं प्रसिद्ध झाला, ई. डी. मोरेल यानें लेखणीनें जग हालवून सोडलें. आणि अखेरीस १९०८ सालीं तो प्रदेश राजाच्या हातून काढून बेल्जमच्या राज्यशासनाकडे गेला. युरोपांतील गुळगुळीत रस्त्यांवरून सायकली व मोटारी आवाज न करतां धांवूं लागल्या, त्या शांततेची किंमत कांगोच्या खेड्यांनीं चुकविली होती.

मळ्यांचें रबर बाजारांत आल्यावर त्यावर ब्रिटिश आणि डच वसाहतींचें वर्चस्व बसलें. १९२२ सालीं ब्रिटिशांनीं भाव टिकविण्यासाठीं निर्यातीवर नियंत्रण घातलें, तेव्हां सर्वांत अधिक मोटारी असलेली अमेरिका खवळली. हार्वे फायरस्टोन यानें १९२६ सालीं लायबेरियांत दहा लक्ष एकर जमीन नव्याण्णव वर्षांच्या करारानें मिळविली. हेन्री फोर्ड यानें ब्राझीलच्याच अरण्यांत ‘फोर्डलँडिया’ नांवाचें नगर वसवून रबर पिकविण्याचा घाट घातला. परंतु अरण्यांत विखुरलेलीं जीं झाडें रोगास दाद देत नाहींत, तींच ओळीनें दाट लावतांच पानांच्या रोगानें हजारोंनीं बळी पडलीं. पैसा आणि यंत्रें यांस निसर्गानें जुमानलें नाहीं; १९४५ सालीं तो सारा पसारा ब्राझीलच्या सरकारास विकून टाकण्यांत आला.

ज्या देशाजवळ ना वसाहत ना मळे, त्यानें काय करावें? जर्मनीनें ह्या प्रश्नाचें उत्तर रसायनशाळेंत शोधिलें. १९२९ सालीं तेथील रसायनज्ञांनीं ‘बुना-एस’ नांवाचें कृत्रिम रबर सिद्ध केलें, आणि युद्धाच्या तयारीस लागलेल्या नाझी राजवटीनें श्कोपाउ येथें त्याचा प्रचंड कारखाना उभारला. दुसऱ्या महायुद्धांत ऑशविट्झच्या छळछावणीलगत मोनोविट्झ येथें असाच एक कारखाना बांधावयास घेतला. तेथें राबविलेल्या कैद्यांपैकीं हजारों माणसें उपासमारीनें, मारहाणीनें आणि श्रमानें मेलीं. आणि एवढें होऊनहि त्या कारखान्यांतून कृत्रिम रबर एकदांहि बाहेर पडलें नाहीं. रबराच्या इतिहासांत कांगोच्या शेजारीं हें नांव कोरलेलें राहील.

अमेरिकेवरहि अशीच वेळ आली, पण तिचा मार्ग निराळा होता. १९४२ च्या आरंभीं जपाननें मलाया व सिंगापूर घेतलें आणि नैसर्गिक रबराचा बहुतेक सारा पुरवठा एकाएकीं तुटला. त्या देशांत युद्धकाळीं सर्वांत आधीं नियंत्रण आलें तें साखरेवर किंवा पेट्रोलवर नव्हे, तर टायरांवर! पुढें पेट्रोलचें वांटप देशभर लागू केलें गेलें, तेंहि मुख्यतः मोटारी कमी चालाव्या आणि टायर वांचावे म्हणून. वेगाची मर्यादा ताशीं पस्तीस मैलांवर आणण्यांत आली. सरकार, विद्यापीठें व एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले कारखानदार यांनीं आपलें ज्ञान एकत्र केलें आणि दोन-तीन वर्षांत कृत्रिम रबराचा अफाट उद्योग उभा केला. आजच्या मोटारीच्या टायरांत नैसर्गिक व कृत्रिम अशीं दोन्ही रबरें मिसळलेलीं असतात. जड मालमोटारींच्या आणि विमानांच्या टायरांत मात्र झाडाच्या चिकाचें प्रमाण अधिक ठेवावें लागतें, कारण ओझ्याखालीं कमी तापण्याचा आणि न फाटण्याचा त्याचा गुण कृत्रिम रबरास पूर्णपणें साधलेला नाहीं.

युद्धानंतर देशादेशांतील भेदाचें एक नवें प्रकरण उघडलें. टायर म्हणजे नुसतें रबर नव्हे. त्याच्या पोटांत दोऱ्यांचे थर असतात, आणि खरा भार ते दोरे सोसतात. जुन्या पद्धतींत हे थर एकमेकांस तिरपे छेदून जात. मिशलाँच्या कारखान्यानें १९४६ सालीं निराळ्या रचनेचें पेटंट घेतलें: दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, आणि रस्त्यास टेकणाऱ्या भागाखालीं पोलादी तारांचा पट्टा. हाच ‘रेडियल’ टायर होय. १९४९ पासून तो बाजारांत आला. बाजूची भिंत मऊ व लवचिक, आणि तळ घट्ट व स्थिर, अशी ही विभागणी असल्यामुळें टायर कमी तापे, अधिक टिके, वळणावर रस्ता घट्ट धरी आणि पेट्रोलहि वांचवी. फ्रान्स आणि इटली येथील अरुंद, वळणांच्या रस्त्यांवर आणि महाग पेट्रोलाच्या बाजारांत हे गुण लोकांस तत्काळ पटले.

अमेरिकेनें मात्र हाच टायर जवळजवळ पांव शतक उंबऱ्याबाहेर उभा ठेविला. त्याचीं कारणें त्या देशाच्या परिस्थितींत होतीं. तेथील रस्ते रुंद व सरळ, गाड्या मोठ्या व मऊ स्प्रिंगांच्या, आणि पेट्रोल स्वस्त. संथ वेगांत रेडियल टायर किंचित्‌ कठीण वाटे. तो बसवावयाचा तर गाडीची सारी बैठक नव्यानें जुळवावी लागे. आणि त्याच्या निर्मितीसाठीं कारखान्यांतील पुष्कळशीं यंत्रें बदलावीं लागत. म्हणून तेथील कारखानदारांनीं १९६७ च्या सुमारास जुन्या तिरप्या थरांवर पट्टा चढवून मधलाच मार्ग काढिला. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, पेट्रोल महाग झालें आणि मधला मार्ग एकदम बंद पडला. घाईघाईनें रेडियलकडे वळतांना मोठ्या चुका घडल्या. एका प्रकारच्या टायरांचें पोलादी पट्ट्यावरील रबर धांवत्या गाडींतच सुटून अपघात होऊं लागले, आणि १९७८ सालीं फायरस्टोन कंपनीला आपले लक्षावधि टायर परत घ्यावे लागले. त्या धक्क्यांतून ॲक्रनची जुनी सत्ता पुन्हां सांवरली नाहीं. १९८८ सालीं फायरस्टोन जपानच्या ब्रिजस्टोनकडे गेली. त्या जपानी कंपनीचा संस्थापक शोजिरो इशिबाशी हा मूळचा कापडी पायमोज्यांस रबरी तळ लावून विकणारा व्यापारी; ‘इशिबाशी’ म्हणजे दगडी पूल, आणि त्याच्याच इंग्रजी रूपांतरांतून १९३१ सालीं कंपनीचें नांव तयार झालें होतें.

हवामानानें केलेला भेद तर याहूनहि ठळक आहे. साधारणतः सात अंश सेल्सियसच्या खालीं नेहमींचें रबर कठीण होऊं लागतें आणि त्याची पकड सुटते. फिनलंडच्या रबर कारखान्यानें १९३४ सालीं मालमोटारींसाठीं आणि १९३६ सालीं मोटारींसाठीं खास बर्फावरचा टायर काढिला. जुन्या काळीं युरोपच्या रणांगणांवर लढलेल्या फिनिश घोडेस्वारांना ‘हाक्कापेलिट्टा’ म्हणत. तेंच नांव त्या टायरास दिलें गेलें. पुढें अशा टायरांत धातूचे बारीक खिळे बसविण्याची रीत पडली. फिनलंडमध्यें १९७८ पासून हिवाळ्यांत हिवाळी टायर लावणें सक्तीचें झालें. जर्मनीनें २०१० सालीं निराळें सूत्र ठरविलें: तारखेचें बंधन नाहीं, पण रस्त्यावर बर्फ वा हिम असेल तर तसेच टायर हवेत. म्हणून त्या देशांत अनेक कुटुंबांजवळ टायरांचे दोन संच असतात. शरदांत एक चढतो, वसंतांत दुसरा. अमेरिकेंत याच्या उलट. तेथें १९७७ सालीं गुडइयर कंपनीनें बाराहि महिने चालणारा रेडियल टायर काढिला आणि तो लोकांच्या अंगवळणीं पडला. अति थंडींतहि उत्तम नाहीं आणि अति उन्हांतहि उत्तम नाहीं, परंतु कोठेंहि अगदींच वाईट नाहीं, असा हा तडजोडीचा टायर आहे. एकाच प्रवासांत वाळवंट आणि हिमप्रदेश ओलांडणाऱ्या माणसास तो सोयीचा वाटल्यास नवल नाहीं.

जपाननें तर एक सोय सोडून देण्याचें धैर्य दाखविलें. उत्तरेकडील सेंदाई, सापोरो इत्यादि शहरांत खिळ्यांच्या टायरांनीं बर्फ नसलेला रस्ताच किसला जाई आणि त्याची धूळ हिवाळा संपतांना गांवभर उडे. घराघरांत, दुकानांत आणि लोकांच्या फुप्फुसांत ती शिरूं लागल्यावर नागरिकांनीं चळवळ केली, आणि १९९० सालीं खिळ्यांच्या टायरांवर बंदी घालणारा कायदा झाला. मग बिनखिळ्यांचा, पण बर्फ धरणारा टायर बनविणें कारखानदारांस भागच पडलें. सूक्ष्म छिद्रांचें, मऊ रबर वापरून त्यांनीं तो साधलाहि. फिनलंड व स्वीडन येथें मात्र निर्जन, गोठलेल्या लांब रस्त्यांमुळें खिळे आजहि वापरांत आहेत. एकाच बर्फावर दोन राष्ट्रांनीं दोन उत्तरें काढिलीं. दोहोंनांहि आपापलें कारण आहे.

कायद्यांच्या ह्या विविधतेमुळें टायरची भिंत ही एखाद्या प्रवाशाच्या परवान्यासारखी शिक्क्यांनीं भरून गेली आहे. १९५८ सालीं जिनीव्हा येथें झालेल्या करारान्वयें वर्तुळांतील ‘ई’ अक्षराचा शिक्का निघाला. त्यापुढील आंकडा मान्यता देणारा देश दाखवितो. एक म्हणजे जर्मनी, दोन फ्रान्स, तीन इटली, अकरा ब्रिटन. अमेरिका ह्या करारांत सामील नाहीं. १९६६ च्या सुरक्षितता कायद्यानंतर तिनें आपले स्वतंत्र नियम केले. युरोपांत सरकारनें आधीं तपासून मान्यता द्यावयाची. अमेरिकेंत कारखानदारानें स्वतःच हमी द्यावयाची, आणि ती खोटी ठरल्यास शासन भोगावयाचें. दोन शासनपद्धतींतील हा मूलभूत फरक एका रबरी कड्यावर उमटला आहे. वेगाचीं अक्षरेंहि अशींच बोलकीं आहेत: ‘एस’ म्हणजे ताशीं १८० किलोमीटर, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०. जर्मनींतील महामार्गांच्या पुष्कळशा भागांवर वेगास सरसकट मर्यादा नाहीं, त्या देशांत ह्या अक्षरांस प्रत्यक्ष अर्थ आहे. १९७४ ते १९९५ पर्यंत ज्या अमेरिकेंत वेगाची राष्ट्रीय मर्यादा अमलांत होती, तेथें लोकांनीं वेगापेक्षां टिकाऊपणाच अधिक पाहिला.

हिंदुस्थानांत टायर आला तो परकीय मालाच्या रूपानें. १९०२ सालीं केरळांत थट्टेकाड येथें रबराचा व्यापारी मळा सुरू झाला, आणि १९३६ सालीं बंगालमध्यें हुगळीकांठीं साहागंज येथें डनलॉपचा कारखाना निघाला. मुंबईंत शिवडी येथें फायरस्टोनचा कारखाना उभा राहिला. पुढें इटलींतील तुरीन शहरीं जन्मलेली सिएट कंपनी १९५८ सालीं टाटांच्या सहकार्यानें मुंबईस आली आणि भांडुपला टायर बनवूं लागली. मद्रासमध्यें १९४६ सालीं खेळण्यांतील फुगे बनविणारें एक लहान दुकान निघालें होतें. त्याचीच पुढें एम. आर. एफ. कंपनी झाली. रबरी धांव खेड्यांतहि पोंचली. महाराष्ट्रांत साखर कारखाने वाढले, तेव्हां ऊंस वाहण्यासाठीं टायरची बैलगाडी आली. तिचें ओझें त्याच बैलांस अधिक सहज ओढतां येऊं लागलें, आणि लोखंडी धांवेनें उखडले जाणारे रस्तेहि वांचूं लागले. लोहाराच्या भट्टीचें काम मात्र कमी होत गेलें.

रेडियल टायर हिंदुस्थानांत १९७७ सालीं बनूं लागला. मोटारींनीं तो हळूहळू आपलासा केला. पण मालमोटारींनीं फार काळ त्याच्याकडे पाठ फिरविली. त्यांत अडाणीपणापेक्षां हिशेब अधिक होता. मर्यादेबाहेर माल भरावयाचा, खड्डे व खडी यांतून गाडी न्यावयाची, आणि टायर गुळगुळीत झाल्यावर त्यावर नवें रबर चढवून पुन्हां वापरावयाचा, असा ज्यांचा नित्यक्रम, त्यांस जाड भिंतीचा जुना टायरच परवडे. रेडियलची पातळ भिंत धारदार दगडानें कापली जाई. जसजसे रस्ते सुधारले आणि भारावर नियंत्रण आलें, तसतसा मालमोटारींतहि रेडियलचा प्रवेश झाला. म्हणजे येथें रस्त्यानें टायर निवडला. परदेशांतून येणाऱ्या व देशांत बनणाऱ्या टायरांवर भारतीय मानकाचा शिक्का सक्तीचा करणारा आदेश २००९ सालीं निघाला, आणि हा देशहि शिक्के मारणाऱ्या राष्ट्रांच्या पंक्तींत बसला.

अशा रीतीनें पाहिलें असतां परदेशी टायर श्रेष्ठ कीं स्वदेशी, हा प्रश्नच चुकीचा ठरतो. टायर चांगला कीं वाईट हें त्याच्या रस्त्यास, ऋतूस आणि ओझ्यास विचारावें लागतें. एका देशांत उत्तम ठरलेली वस्तु दुसऱ्या देशांत जशीच्या तशी आणून तेथें यश मिळत नाहीं, हें फोर्डच्या ब्राझीलमधील नगरानें दाखविलें; आणि चांगली वस्तु केवळ संवयीमुळें नाकारली तर तिची किंमत पुढें दामदुप्पट द्यावी लागते, हें अमेरिकेच्या कारखानदारांनीं अनुभविलें.

मोटारीचा प्रत्येक टायर कोणत्याहि क्षणीं सुमारें तळहाताएवढ्याच जागेनें रस्त्यास टेकलेला असतो. गाडींतील आईबाप, मुलेंबाळें आणि समोरून येणारा अनोळखी वाटसरू यांचे प्राण अशा चार तळहातांवर विसंबून असतात. त्या चार तळहातांचें वय प्रत्येक टायरच्या भिंतीवर लिहिलेलें आहे. इतर अक्षरांच्या शेवटीं जो चार आंकड्यांचा समूह असतो, त्यांतील पहिले दोन वर्षांतील आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवितात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरतांहि उन्हानें व हवेनें जुनें होतें आणि त्यास भेगा पडतात. दुकानांत नवा म्हणून मिळणारा टायर खरोखर किती नवा आहे, हें पाहण्यास ना परदेशी शिक्क्याची गरज आहे ना तज्ज्ञाची. खालीं वांकून चार आंकडे वाचणें एवढेंच पुरे आहे.